जुनी सहा सिलिंडर फाल्कन : ॲव्हरेज वाढवायला काय करता येईल?

टार्नीटकर · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, गाडीवाल्यांचा सल्ला हवाय.

मेलबर्नला येऊन पावणेदोन वर्षं झाली. पहिलं वर्ष ट्रेन-बसवर काढलं. मग मुलाची शाळा आणि बायकोची शिफ्ट यांचा मेळ बसेना म्हणून गाडी घेतली. बजेट तोकडं. ३,२०० डॉलरला २००४ ची फोर्ड फाल्कन बीए एक्सटी मिळाली. ४ लिटरचं सरळ सहा सिलिंडर इंजिन, ४ गिअरची ऑटो, २,४१,००० किमी झालेली. एका आजोबांची होती, त्यांनी किल्ली देताना बॉनेटवर हात फिरवला. आत बसलं की दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, आणि डिकीत आमचं पिंपळे सौदागरचं अर्धं बिऱ्हाड मावलं असतं.

दुःख एकच. पिते. म्हणजे पितेच. तीन टाक्या फुल-टू-फुल मोजल्या : १४.९ लिटर प्रति १०० किमी. आपल्या भाषेत ६.७ चं ॲव्हरेज. पुण्यात मारुती १८ देत होती, तिथे मी पेट्रोलपंपाकडे बघतही नव्हतो. इथे पंपावरचा भावाचा बोर्ड लांबून दिसला तरी पोटात गोळा येतो.

वापर असा : सकाळी टार्नीट स्टेशन ३ किमी, संध्याकाळी परत. मधे शाळा. बायकोची सनशाइनला शिफ्ट, आठवड्यात चार दिवस, एका बाजूने २० किमी. शनिवार-रविवार भाजी, देऊळ, मित्रमंडळ. वर्षाला १४,००० किमी पडतील.

डोक्यात आहे ते : कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची गार हवा देणारी रुंद नळी), एक्स्ट्रॅक्टर (धूर मोकळा बाहेर नेणाऱ्या नळ्या), ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून, नाहीतर सरळ एलपीजी. यातलं काय आधी करू?

खवचट_खान्देशी · सोमवार, रात्री ९:५२

कोरोला घे. धागा संपला.

टार्नीटकर · सोमवार, रात्री १०:०५

@खवचट, चालण्यासारखी जुनी कोरोला इथे ११,००० च्या खाली दिसत नाही. वरचे ८,००० तुम्ही पाठवताय का?

डेक्कनचा_सायलेन्सर · सोमवार, रात्री १०:३१

समदुःखी मिळाला! माझ्याकडे २००६ ची होंडा अकॉर्ड व्ही-६ आहे. लक्ष्मी रोडवरून काढली की सहा, हायवेला दहा. मित्र विचारतात "किती देते?" मी म्हणतो, "देत नाही रे, घेते."

त्यात आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा दोन तृतीयांशच, त्यामुळे तेवढं ॲव्हरेज पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे की ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीत ६-७ टक्के घट येते. माझी तर त्याही आधीची. फ्युएलच्या रबरी नळ्या मी आधीच बदलून घेतल्या.

टार्नीटकर, तुमच्याकडे ई-१० भरत असाल तर तोही हिशेब धरा. तीनेक टक्के तिथेच जातात. स्वस्त दिसतं, पण भावातला फरक तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तोटा.

जुगाडू · सोमवार, रात्री ११:१८

इतका विचार कशाला? इंजेक्टरचे कनेक्टर काढा, तीन. सहाची तीन सिलिंडर झाली, पेट्रोल निम्मं. पाहिजे तेव्हा परत लावा. शून्य खर्च.

खवचट_खान्देशी · सोमवार, रात्री ११:२०

आणि बैलजोडीतला एक बैल गाडीत बसवा, वैरण निम्मी.

लॅम्डा१ · मंगळवार, सकाळी ७:१२

जुगाडूंचा प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाही. मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे, दिवसभर हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही गाडी १७०० किलोच्या आसपासची. सपाट रस्त्यावर १०० च्या वेगाने जायला तिला चाकांपाशी जेमतेम १५ किलोवॉट लागतात. इंजिन आहे १८२ किलोवॉटचं. म्हणजे हत्तीला मेथीची जुडी आणायला मंडईत पाठवायचं. हत्ती जुडी आणतो, पण स्वतःचं वजन हलवण्यातच त्याचं खाणं जातं. पेट्रोल इंजिनात त्याला आणखी एक शिक्षा असते. ताकद कमी हवी म्हणून थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो, आणि सहाही पिस्टन त्या फटीतून हवा ओढत बसतात. नाक चिमटीत धरून पळायचा प्रयत्न करून बघा. पंपिंग लॉस म्हणतात तो हाच. बीएच्या इंजिनात दोन्ही कॅमशाफ्टचं टायमिंग बदलतं, ते काही अंशी याच्यासाठीच.

आता तीन इंजेक्टर काढले तर काय होईल? त्या तीन सिलिंडरांत पेट्रोल जाणार नाही, पण पिस्टन तर चालूच. हवा ओढणं, दाबणं, घर्षण, सगळं तसंच. वर ती कोरी हवा सायलेन्सरच्या वाटेने ऑक्सिजन सेन्सरपाशी पोचते. सेन्सर बिचारा ओरडतो, "ऑक्सिजन फार आहे, मिश्रण पातळ झालं!" ईसीयू उरलेल्या तिघांना ढसाढसा पेट्रोल पाजतो. ते अर्धवट जळतं, पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये त्याला ही कोरी हवा भेटते आणि तिथे जाळ होतो. कन्व्हर्टर लालबुंद होऊन बाद.

होंडाच्या व्हीसीएममध्ये किंवा तसल्या इतर इंजिनांत सिलिंडर बंद करतात तेव्हा व्हॉल्व्हच मिटून घेतात. आतली हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते, नवीन ओढावी लागत नाही. फायदा तिथे आहे. कनेक्टर काढण्यात नाही.

(फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. एक सोडून एक बंद केले तर निदान ठोके समान अंतराने तरी पडतील, हे जुगाडूंच्या समाधानासाठी.)

एडिसनकर · मंगळवार, सकाळी ८:०१

लॅम्डाताई, आणि आम्ही इकडे न्यू जर्सीत होंडा ऑडिसीवाले ते व्हीसीएम बंद कसं करायचं ते शोधत असतो. तीनवर गेली की गाडीत बारीक थरथर येते. म्हणून बाजारात एक छोटा रेझिस्टर मिळतो, तो इंजिन थंड आहे असं भासवतो, मग व्हीसीएम चालूच होत नाही. एकेकाची तऱ्हा!

लॅम्डा१ · मंगळवार, सकाळी ८:२०

"इंजिन थंड आहे असं भासवतो." टार्नीटकर, हे वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या कामाचं आहे. ऑफिसला पळते, रात्री लिहिते.

रिकामी_टॅक्सी · मंगळवार, दुपारी २:४४

राम राम. मी मेलबर्नमध्ये अकरा वर्षं टॅक्सी चालवली, सगळी फाल्कनवर. फॅक्टरीतूनच एलपीजी येणारी ई-गॅस. त्यात पेट्रोलची टाकीच नसते. रात्रपाळी, दिवसपाळी, इंजिन थंड व्हायला वेळच मिळायचा नाही. माझ्या हातातल्या एका गाडीने साडेसहा लाख किमी पाहिले आणि हेड उघडलं नव्हतं. तेव्हा २ लाख ४१ हजार म्हणजे पोरगी आहे, घाबरू नका.

एलपीजी करा. डोळे झाकून. घरी आजही माझी स्वतःची ई-गॅस आहे. लिटरमागे भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या जवळपास असतो.

टार्नीटकर · मंगळवार, संध्या. ६:३०

@रिकामी_टॅक्सी, दादा, एलपीजीला सरकारी अनुदान मिळतं म्हणे?

रिकामी_टॅक्सी · मंगळवार, संध्या. ७:१५

मिळायचं. २००६ पासून कन्व्हर्जनला २,००० डॉलर देत होते, रांगा लागायच्या गॅरेजबाहेर. २०१४ ला योजना बंद झाली. त्याआधी डिसेंबर २०११ पासून गॅसवर एक्साइज पण लावला, लिटरला अडीच सेंटपासून सुरू करून २०१५ पर्यंत साडेबारा सेंट. तरी परवडतो.

लॅम्डा१ · मंगळवार, रात्री १०:०२

टॅक्सीदादांचा अनुभव खरा आहे. पण त्यांच्या गाडीत आणि टार्नीटकरांच्या गाडीत फरक कसला, ते त्यांनीच लिहून ठेवलंय : इंजिन थंड व्हायला वेळच मिळायचा नाही. इथे उलट आहे. स्टेशन ३ किमी, म्हणजे इंजिन गरम व्हायच्या आत बंद.

फाल्कनच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. हिवाळ्यात सकाळी ५-६ डिग्रीत तो ढेप्या लोखंडाचा गोळा तापवायलाच पेट्रोल जातं. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, तेल घट्ट असतं, ऑटो गिअरबॉक्स टॉप गिअर आणि लॉकअप (इंजिन-गिअरबॉक्सची थेट पकड) उशिरा लावतो. त्या तीन किलोमीटरचं ॲव्हरेज वेगळं काढलंत तर फेफरं येईल, म्हणून काढू नका.

आता तुमची यादी. कोल्ड एअर इनटेक : क्रूझिंगला थ्रॉटलच मिटलेला आहे, त्याच्या आधीची वाट कितीही रुंद करा, अडवणारा दरवाजा तोच. एक्स्ट्रॅक्टर : वरच्या आरपीएमला थोडी ताकद, खालती काही नाही. आवाज मिळेल. ट्यून : गाडी क्रूझिंगला आधीच हवा-पेट्रोलच्या १४.७ ला १ या प्रमाणावर चालते, कारण कन्व्हर्टरला तेच लागतं. त्याहून पातळ करायला गेलात की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि कन्व्हर्टर ते आवरू शकत नाही. टर्बो गाडीत ट्यूनची गोष्ट वेगळी. इथे पाचशे-सहाशे डॉलर देऊन पिकअप सुधारेल, आणि सुधारलेला पिकअप कोणी वापरल्याशिवाय राहत नाही.

एअर फिल्टरचंही सांगून टाकते, कारण कोणीतरी लिहिणारच आहे. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या होत्या. इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेज जवळपास हललंच नाही, पिकअप मात्र मेला. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला सल्ला आपण अजून देत बसतो. फिल्टर बदला, पण ॲव्हरेजच्या आशेने नको.

माझा प्रश्न वेगळाच आहे. फाल्कनमध्ये असा वापर धरला तरी १४.९ जरा जास्त वाटतं. काहीतरी बिघडलंय. मॉडिफाय नंतर करा, आधी गाडीला २००४ सालात न्या.

एक स्वस्तातला ओबीडी डोंगल (ईसीयूला जोडून आत काय चाललंय ते फोनवर दाखवणारा) घ्या आणि वीसेक मिनिटं चालवून कूलंटचं तापमान किती स्थिरावतं ते बघा. डॅशवरच्या काट्यावर विश्वास नको. तो मुद्दाम मंद केलेला असतो, ७५ असो की १००, मधोमध उभा राहतो.

खवचट_खान्देशी · मंगळवार, रात्री १०:१०

माझ्यासारखा आहे काटा. काहीही होवो, मधोमध उभा.

अप्पा_शाहूपुरी · बुधवार, पहाटे ५:२५

धागा वाचून जुनी आठवण आली. आमच्या थोरल्या काकांची प्लिमथ होती, कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये जोडलेली. सहा सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, साडेतीन लिटरच्या पुढचं इंजिन. पेट्रोल स्वस्त होतं तोवर काका कोल्हापूरहून पन्हाळ्याला नुसतं हवा खायला जात. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तशी गाडी पोत्याखाली गेली.

मग एका मिस्त्रीने सुचवलं, डिझेल बसवू. तेव्हा ते सर्रास चालायचं. मद्रासच्या सिम्पसनचं पर्किन्स पी-४ मिळवलं, ट्रॅक्टर-टेम्पोच्या कामाचं. सहाच्या जागी चार सिलिंडर. ॲव्हरेज साडेपाचवरून बारावर! काकांनी पेढे वाटले.

पण इंजिन जड. पुढच्या स्प्रिंगा बसल्या, गाडी नाक खाली घालून चालायची, माती हुंगत चालल्यासारखी. आणि हादरा असा की आरशात मागचं एक वाहन तीन दिसे. काकू एकदाच बसल्या. जोतिबाच्या पायथ्याशी उतरल्या त्या एसटीनेच परत आल्या. म्हणाल्या, "पेट्रोल वाचलं, माझी हाडं मोजा."

तुमच्या त्या ताई म्हणतात ते बरोबर. आहे ते इंजिन नीट करा.

डेक्कनचा_सायलेन्सर · बुधवार, सकाळी ९:१४

अप्पा, दंडवत _/\_

आता असं इंजिन बदलायचं म्हटलं तर आरटीओ दारात उभं करणार नाही. २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेतले बदल नकोतच म्हणून सांगितलं. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करता येते. मीही चौकशी केली होती, पण अकॉर्डच्या डिकीत सिलिंडर ठेवला की आईची व्हीलचेअर कुठे ठेवू? म्हणून राहिलं.

रिकामी_टॅक्सी · बुधवार, दुपारी १:०५

इथे व्हिक्टोरियातही इंजिनाचा प्रकार बदलला की व्हासचं (गाडीतले बदल तपासून पास करायची इथली योजना) सर्टिफिकेट लागतं, त्यांचा इंजिनिअर येऊन बघतो. खर्च गाडीच्या किमतीएवढा.

टार्नीटकर, ताईंनी सांगितलंय ते करा, आणि त्यासोबत एक टॅक्सीवाली युक्ती. वीस मिनिटं चालवा, शेवटची दोन-तीन किमी ब्रेक जवळजवळ न वापरता. थांबलात की उतरून चारही चाकांजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एखाद्या चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय. पिना गंजतात, कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) मागे सरकत नाही. गाडी ओढतेय हे तुम्हाला कळत नाही, कारण चार लिटरच्या इंजिनाला तेवढा भार जाणवतच नाही. छोट्या गाडीत लगेच कळतं.

टार्नीटकर · रविवार, दुपारी ४:५०

मंडळी, अहवाल.

आधी चाकं. घरून विंडहॅम वेलपर्यंत जाऊन आलो. तीन चाकं कोमट. पुढचं उजवं : हात वीतभर लांब असतानाच धग लागली. रिमवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र् करून उडाला! जॅक लावून हाताने फिरवलं, अर्ध्या फेऱ्यात थांबलं. डावं दोन-अडीच फेऱ्या फिरत होतं. कॅलिपरची खालची पिन गंजून बसली होती. शेजारचा बॉस्नियन म्हातारा मदतीला आला, त्याने पिन बाहेर काढली तेव्हा तिच्यावर चॉकलेटच्या पापुद्र्यासारखा गंज. नवीन पिना, ग्रीस, पॅड : ९० डॉलर.

मग डोंगल. पंचवीस मिनिटं फ्रीवेला चालवूनही कूलंट ७१ डिग्री. थांबलो की ७८ पर्यंत जातं, वेग घेतला की पुन्हा घसरतं. डॅशवरचा काटा पहिल्या पाच मिनिटांपासून मधोमध, निर्विकार.

लॅम्डा१ · रविवार, संध्या. ५:३०

थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा राहिलाय. वारा रेडिएटर सतत थंड करतोय आणि इंजिन कधीच तापत नाहीये. ९० च्या आसपास हवं. ईसीयूच्या दृष्टीने तुम्ही जन्मभर वॉर्म-अपच करताय. ऑडिसीवाले रेझिस्टर लावून जे करतात ते तुमच्याकडे फुकटात झालं.

टार्नीटकर · पुढचा शनिवार, रात्री ८:२०

थर्मोस्टॅट काढला. जुना आणि नवा दोन्ही स्वयंपाकघरात नेले, पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगले, आणि बायकोचा जिलबीच्या पाकाचा थर्मामीटर. मुलगा स्टुलावर उभा राहून आकडे वाचत होता. "बाबा, ऐंशी... चौऱ्याऐंशी..." नव्याची चकती ८८ ला हलली आणि हळूच वर सरकली, कळी उमलल्यासारखी. जुना पाणी थंड होतं तेव्हापासूनच पाव इंच उघडा. त्याच्या तोंडात जुन्या गॅस्केटचा काळा तुकडा अडकलेला, मटकीएवढा.

त्या मटकीला मी गेले सहा महिने पेट्रोल पाजत होतो.

पातेलं दुधाचं होतं हे मला नंतर कळलं. त्यावर इथे चर्चा नको.

कूलंट बदललं, आता तापमान ८९-९२. लॅम्डाताईंनी व्यक्तिगत निरोपात फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्या आकड्यांचे) फोटो मागितले होते, ते बघून पुढचा ऑक्सिजन सेन्सरही म्हातारा झालाय म्हणाल्या. ११० डॉलर, तो बदलला. टायरमधली हवा २८ होती, दाराच्या स्टिकरवर बघून सारखी केली. मित्राने दिलेला रूफ रॅक विनाकारण टपावर बसला होता, तो उतरवला. अलाइनमेंट ८० डॉलर. एकूण ३६५.

याआधी एका गॅरेजमध्ये हेच ॲव्हरेजचं दुखणं घेऊन गेलो होतो. त्यांनी 'इंजिन फ्लश आणि इंजेक्टर ट्रीटमेंट' करून २२० घेतले. कूलंटचं तापमान कोणी बघितलं नव्हतं.

एडिसनकर · शनिवार, रात्री ९:००

हवेचं फार मनावर घेऊ नका. अमेरिकन ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही चाकांत १ पीएसआय कमी असेल तर ०.२ टक्के. म्हणजे तुमच्या सात-आठ पीएसआयला दीड टक्का. टायर टिकतो, हा खरा फायदा.

जुगाडू · शनिवार, रात्री १०:४०

पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक लावतात, त्याबद्दल कोणाचा अनुभव?

लॅम्डा१ · शनिवार, रात्री १०:५५

फ्रिजवर लावा. मुलाची चित्रं छान राहतात.

अमेरिकेच्या ईपीएने अशी शंभराहून जास्त यंत्रं तपासली आहेत : चुंबक, पाण्यापासून हायड्रोजन, हवेला भोवरा देणाऱ्या चकत्या. बहुतेकांचा परिणाम शून्य. आणि एक गंमत अशी, की हे यंत्र लावलेला माणूस त्या महिन्यात हळू चालवतो. त्यामुळे "मला फरक पडला" हे तो खोटं बोलत नसतो.

रिकामी_टॅक्सी · रविवार, सकाळी ११:३०

इथे तर टाकीत टाकायच्या गोळीवर एक कंपनी उभी राहिली होती, क्रीडासंघांना पैसे वाटायची. २००८ ला बुडाली. माझ्या ओळखीच्या दोघा ड्रायव्हरांचे पैसे गेले.

टार्नीटकर, आता चालवायचं कसं ते ऐका. ही गाडी टॉप गिअरला, १०० ला, १,८०० आरपीएमवर असते. त्यामुळे डिफरन्शिअलचा रेशो बदला वगैरे कोणी सांगेल तर ऐकू नका, ती आधीच डुलक्या घेत चाललेली असते. फ्रीवेला १०० धरून क्रूझ लावा. ११० ला हवेचा रेटा २१ टक्के वाढतो. सिग्नल लांबून लाल दिसला की ॲक्सिलेटर सोडून द्या, गिअरमध्येच. इंजेक्टर पूर्ण बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल करू नका, न्यूट्रलला उलट जळतं. आणि शाळेबाहेर इंजिन चालू ठेवून हीटर घेत बसायचं नाही. एवढं मोठं इंजिन नुसतं उभं असलं तरी तासाला दीडेक लिटर घेतं.

खवचट_खान्देशी · रविवार, दुपारी १२:१०

मी कोरोलाचा हिशेब केला, मान्य करतो. समजा फाल्कन १२ वर आली आणि कोरोला साडेसातला चालते. १४,००० किमीला वर्षाचे ६३० लिटर वाचले. १.९० भाव धरला तर १,२०० डॉलरच्या आत. वरचे ८,००० फिटायला पावणेसात वर्षं. तोवर कोरोलाही जुनी. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. उडवू नका मात्र, आठवण राहू दे.

आणि एक. ६.७ चं ८.३ झालं तर ऐकायला दीडच वाढलं असं वाटतं, पण १०० किमीला जवळजवळ तीन लिटर वाचतात. मारुतीवाल्याने १८ चं २० केलं तर अर्धा लिटरच वाचतो. पिणाऱ्या गाडीत सुधारणेला भाव जास्त.

लॅम्डा१ · रविवार, दुपारी १२:३०

हे वाक्य मी ऑफिसात वापरणार आहे. श्रेय देईन, खवचट म्हणून.

टार्नीटकर · सात आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:१५

तीन टाक्या मोजून झाल्या. त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या खटक्याला थांबून.

पहिली १२.६. दुसरी १२.४. त्यानंतर मी स्टेशनला जुनी सायकल न्यायला लागलो (१५० डॉलर, हेल्मेटसकट), आणि तिसरी ११.५. म्हणजे साडेआठच्या वर ॲव्हरेज. सायकल सुरू झाल्यावर गाडीचे एकूण किलोमीटरही कमी झाले, ते वेगळंच.

सगळ्यात मोठा वाटा ते ३ किमी बंद केल्याचा की थर्मोस्टॅटचा, हे मला नीट वेगळं काढता येत नाही, कारण मी दोन्ही धसमुसळेपणाने लागोपाठ केलं. लॅम्डाताई रागावतील.

इनटेक, एक्स्ट्रॅक्टर, ट्यून काही केलं नाही. एलपीजीचं कोटेशन आणलं : ३,८०० डॉलर, आणि एकच गॅरेज तयार झालं, तेही दोन महिन्यांनी. लिटरमागे एक डॉलर आणि पंचवीस-तीस टक्के जास्त खप धरून चार वर्षांच्या आसपास वसूल होतात. वर दर दहा वर्षांनी टाकीची तपासणी. ती वेळ माझ्या गाडीवर येणार नाही. नको म्हटलं.

लॅम्डा१ · शुक्रवार, रात्री ९:४०

रागावलेय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पण ११.५ चांगलं आहे, बिडाच्या ब्लॉकला आणि मेलबर्नच्या थंडीला धरून खूपच चांगलं. थंडी सरली की अजून एकदा मोजा.

डेक्कनचा_सायलेन्सर · शुक्रवार, रात्री ११:०२

मी पण डोंगल घेतला. अकॉर्डचं कूलंट ७६. उद्या थर्मोस्टॅट आणायला चाललोय. पातेलं आधीच विचारून घेतलंय.

अप्पा_शाहूपुरी · शनिवार, पहाटे ५:१०

कशाचं पातेलं मिळालं?

डेक्कनचा_सायलेन्सर · शनिवार, सकाळी ८:४५

कुकरचं भांडं. झाकण नाही म्हणाली.

रिकामी_टॅक्सी · शनिवार, दुपारी ३:२०

टार्नीटकर, बरं झालं एलपीजीला गेला नाहीत. मीच सांगितलं होतं करा म्हणून, म्हणून लिहितोय. आमच्या कोपऱ्यावरच्या पंपाने परवा गॅसचा बाउझर (गॅस भरायचं यंत्र) काढून टाकला. काँक्रीटवर चौकोनी डाग राहिलाय फक्त. आता जवळचा गॅस १४ किमीवर, आणि तोही कधीपर्यंत ठेवतात माहीत नाही. गाडी चार लाख दहा हजारांवर, इंजिन घड्याळासारखं, पण पेट्रोलची टाकीच नाही. ई-गॅस पेट्रोलवर आणलेली कोणी पाहिली आहे का? टाकी, पंप, रेल, इंजेक्टर, ईसीयू, सगळं भंगारातल्या एका गाडीतून काढायचं म्हटलं तर जमेल का?

जुगाडू · शनिवार, दुपारी ३:२४

जमेल! सांगतो.